भाषांतरकाराच्या परिचयात छंदांची जागा

पुस्तकाच्या मलपृष्ठावर, व्याख्यानमालेच्या पत्रिकेत किंवा प्रकाशकाला पाठवलेल्या पहिल्या पत्रात प्राचीन भाषांच्या भाषांतरकारांचा परिचय बहुतेक वेळा एकाच साच्यातून काढलेला असतो. आधी पदव्या येतात, मग ‘संस्कृत, प्राकृत, पाली, अर्धमागधी या भाषांचा गाढा व्यासंग’, मग पुरस्कार, आणि अगदी शेवटी जागा उरलीच तर ‘छंद – वाचन, भटकंती, संगीत, पाककला’. हे सगळं वाचूनही वाचकाच्या मनातले दोन साधे प्रश्न तसेच राहतात. हा माणूस नेमका कोणत्या मजकुरातून भाषांतर करतो? आणि त्यानं केलेल्या भाषांतरावर मी भरवसा का ठेवावा? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. या भाषा नव्यानं शिकणारे आणि त्यांतून मराठीत काही आणू पाहणारे लोक आता वाढतील अशी आशा आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी आपली ओळख चार ओळींत करून द्यावी लागेल. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. प्राचीन भाषेच्या भाषांतरकाराचे काही छंद हे त्याच्या पात्रतेचाच भाग असतात. ते कोणते हे ओळखून, भाषेच्या ज्ञानाला जोडून लिहायला हवेत. तसं केलं तर वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं परिचयातच मिळतात.

याचं कारण या कामाच्या स्वरूपात आहे. हिंदी किंवा बंगालीतून भाषांतर करताना एखादा शब्द अडला तर ती भाषा बोलणाऱ्या कुणाला तरी फोन करून विचारता येतं. कालिदासाला विचारता येत नाही. ‘मेघदूता’त यक्ष ढगाचं स्वागत कुटजाच्या ताज्या फुलांनी करतो. कोशात पाहिलं तर कुटज म्हणजे एक झाड. जुन्या टीकाकारांची तर अशा ठिकाणी ‘वृक्षविशेष’, ‘पक्षिविशेष’ एवढंच सांगून पुढे जायची रीत आहे. म्हणजे कुठलंसं एक झाड, कुठलासा एक पक्षी. व्याकरण पक्कं असलेला भाषांतरकार इथे ‘कुटजाची फुलं’ असं लिहून मोकळा होतो आणि त्यात चूक काहीच नसते. पण ज्यानं उन्हाळ्याच्या अखेरीला डोंगरउतारावर हिंडताना कुडा पांढऱ्या फुलांनी भरलेला पाहिला आहे, त्याला कळतं की हा आपला कुडा आहे, ज्याची साल पोट बिघडल्यावर औषध म्हणून दिली जाते. आषाढाच्या तोंडाशी डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी असणारं हे रानफूल आहे, बागेतलं नव्हे. हद्दपार झालेल्या यक्षाकडे पाहुण्याला देण्यासाठी काय उरलं होतं, हे त्या एका झाडाच्या नावातून कळतं. ते वाचकापर्यंत पोचवायचं तर ‘कुड्याची फुलं’ असं लिहायचं सुचावं लागतं, आणि ते सुचण्यासाठी कोशाबरोबर रानवाटाही पायाखालच्या असाव्या लागतात.

हे केवळ झाडाफुलांपुरतं नाही. ब्रिटिश म्युझियममधले कीलाक्षरांचे जाणकार आयर्विंग फिंकेल यांना लहानपणापासून पटावरच्या खेळांचं वेड. दक्षिण इराकमधल्या उर या प्राचीन नगराच्या राजकबरींतून लेनर्ड वुली यांनी १९२०च्या दशकात वीस घरांचे सुंदर जडावाचे पट बाहेर काढले होते. ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यावर कसं खेळायचं हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. संग्रहालयात दुसरीकडे इ. स. पू. दुसऱ्या शतकातली, बाबिलोनची एक मातीची लेखपट्टी पडून होती. तिच्यातला मजकूर हा त्या खेळाच्या नियमांचा आहे हे फिंकेल यांनी ओळखलं. मेंढीच्या आणि बैलाच्या घोट्याच्या हाडांचे फासे, त्यांचं दान, सोंगटीनं कुठल्या घरात थांबायचं हे सारं त्यातून उलगडलं. त्या मजकुराची अक्कडी भाषा जाणणारे लोक जगात इतरही होते. पण दान, घर, सोंगटी यांचं आपसातलं नातं ज्याच्या अंगवळणी पडलेलं होतं त्याला त्या ओळींचा अर्थ लागला. पुढे त्यांना असंही आढळलं की कोचीच्या ज्यू कुटुंबांत वीस घरांच्या पटावरचा असाच खेळ विसाव्या शतकापर्यंत खेळला जात होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहातल्या, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या काही लेखपट्ट्यांची गोष्टही अशीच आहे. त्यांतली यादीवजा वाक्यं आधी औषधांच्या कृती समजली जात होती. त्या स्वयंपाकाच्या कृती आहेत हे फ्रेंच विद्वान जाँ बोतेरो यांनी १९८०च्या दशकात सविस्तर भाषांतरातून दाखवून दिलं, आणि बोतेरो स्वतः हौसेनं उत्तम स्वयंपाक करत. पाणी, चरबी, कांदा, लसूण असं क्रमानं आलेलं पाहिल्यावर चुलीपाशी उभं राहिलेल्या माणसाला जे दिसतं ते केवळ शब्दार्थ लावणाऱ्याला दिसेलच असं नाही.

काही वेळा उलटंही घडतं. पोटापाण्याचं काम एक आणि प्राचीन भाषा हाच छंद. आपल्याकडे भाषांतर करणारे बरेच जण बँकेत, शाळेत, दवाखान्यात किंवा कचेरीत नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करतात आणि परिचयात नोकरीचा उल्लेख टाळतात. टाळू नये असं मला वाटतं. गिलगमेशच्या महाकाव्यातली जलप्रलयाची कथा १८७२मध्ये ओळखणारा जॉर्ज स्मिथ चौदाव्या वर्षी शाळा सोडून बँकेच्या नोटांचे ठसे कोरण्याच्या कामाला लागला होता. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मातीच्या लेखांचे तुकडे न्याहाळायचा. बारीक रेघेतला फरक टिपण्याची जी सवय त्याच्या डोळ्यांना धंद्यानं लागली होती, तीच त्याला तुटक्या कीलाक्षरांपाशी उपयोगी पडली. ब्राह्मी लिपी १८३७मध्ये उलगडणारा जेम्स प्रिन्सेप हा बनारस आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी होता, आणि जुनी नाणी गोळा करून ती वाचण्याचा त्याला ध्यास होता. सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि ती ‘दानं’ असावीत असा तर्क त्यानं केला. भाविकांनी दिलेल्या खांबांवर आणि शिळांवर आणखी काय कोरलेलं असणार? त्या दोन अक्षरांवरून पुढची वर्णमाला सुटत गेली. अर्थात पंडितांच्या मदतीशिवाय त्याचं वाचन पुढे गेलं नसतं, आणि हा मुद्दा परिचय लिहिताना पुन्हा लागणार आहे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर उदाहरणं शोधायला लांब जायला नको. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणलं. त्यांची ओळख अर्थकारणी म्हणून होते. पण ते केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले होते, १९१७मध्ये त्यांना तिथलं वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं होतं आणि बागकाम ही त्यांची आयुष्यभराची आवड होती. कदंब, केतकी, कंदली, जुई यांनी भरलेल्या काव्याच्या भाषांतरकाराविषयी वाचकाला हे कळलं तर तो ते भाषांतर वेगळ्या विश्वासानं उघडेल. स. आ. जोगळेकरांची संपादित ‘गाथासप्तशती’ १९५६मध्ये प्रसिद्ध झाली. या प्राकृत गाथांमधली शेतं, नद्या, डोंगर, गावकुसाबाहेरची झाडी यांच्याकडे त्यांनी ज्या बारकाईनं पाहिलं त्याचं मूळ त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातच आहे. तो ग्रंथ म्हणजे ‘सह्याद्री’. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणला तेव्हा जंगलातली उभी हयात त्यांच्या पाठीशी होती. आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले प. कृ. गोडे? संस्कृत पोथ्या चाळता चाळता त्यांनी जिलबीचा, दारूकामाचा, नथीचा इतिहास शोधून काढला. रोजच्या जगण्यातल्या वस्तूंविषयी एवढं कुतूहल नसतं तर त्या पोथ्यांतले ते शब्द त्यांच्या डोळ्यांखालून नुसते निघून गेले असते.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. छंदामुळे डोळे उघडतात तसे फसतातही. माणसाला ज्याचं वेड असतं तेच त्याला जिथे तिथे दिसू लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचं प्रकरण आहे आणि त्यात ‘इडरिका’ नावाचा एक पदार्थ येतो. पाककलेची आवड असलेला भाषांतरकार हा शब्द पाहून हरखून जातो आणि ‘इडली’ लिहून टाकतो. लगेच वाचकाच्या डोळ्यांपुढे आंबवलेल्या तांदूळ-उडदाची, वाफेवर फुगलेली पांढरी इडली येते. पण मजकुरात तांदूळ नाहीत. उडदाच्या पिठाचे छोटे गोळे आहेत, मिरपूड, जिरेपूड आणि हिंग आहे. नाव आजच्या इडलीच्या घराण्यातलं असेलही, पदार्थ मात्र वेगळा आहे. इथे छंदानं घाई केली. पण थोडं पुढे पाहिलं तर दिसतं की ही चूक पकडणाराही स्वयंपाक जाणणाराच असतो, कारण तांदूळ नसतील तर पोत काय होईल आणि आंबवलं नाही तर गोळा फुगेल का, हे प्रश्न त्यालाच पडतात. म्हणून छंद हा शंका उपस्थित करण्यापुरता साक्षीदार मानावा आणि निवाडा मजकुरावर सोडावा. वास्तुविशारद मायकेल व्हेंट्रिस यानं नेमकं हेच केलं. क्रीट बेटावरच्या आणि ग्रीसमधल्या ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा करताना त्यानं आपले अंदाज टिपणांच्या रूपानं जगभरच्या अभ्यासकांकडे पाठवले आणि त्यांच्या शंका मागवल्या. १९५२मध्ये त्यानं निष्कर्ष जाहीर केला. पुढच्याच वर्षी पायलॉसच्या उत्खननात मिळालेल्या एका लेखपट्टीवर तीन पायांच्या भांड्यांची, तीन कानांच्या, चार कानांच्या आणि बिनकानांच्या घटांची चित्रं निघाली. त्यांच्याशेजारचे शब्द त्याच्या तक्त्याप्रमाणे वाचल्यावर अगदी तेच अर्थ आले. परिचय लिहिताना यातून क्रम ठरतो. आधी भाषा आणि मजकूर, मग पडताळणीची साधनं, आणि त्यांना जोडून छंद. छंद आधी आला तर वाचकाच्या मनात शंका राहणं साहजिक आहे.

तेव्हा पहिलं वाक्य भाषेविषयी लिहा आणि ते जितकं नेमकं करता येईल तितकं करा. ‘प्राचीन भाषांचे तज्ज्ञ’ या शब्दांतून काहीही कळत नाही. वैदिक संस्कृत आणि बाणभट्टाचं संस्कृत यांत केवढं अंतर आहे! प्राकृत म्हणजे माहाराष्ट्री, शौरसेनी, अर्धमागधी की आणखी काही? पालीतलं त्रिपिटक वाचणाऱ्याला अट्ठकथांची शैली सहज जमतेच असं नाही. आपल्याकडे तर परिचयांत ‘मोडी भाषा’ आणि ‘ब्राह्मी भाषा’ सर्रास लिहिलं जातं. मोडी ही लिपी आहे. तिच्यात लिहिलेली भाषा बहुधा मराठी असते. ब्राह्मीही लिपीच. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख ब्राह्मी लिपीत आहे, त्याची भाषा प्राकृत आहे. परिचयातच ही गल्लत झाली तर जाणकार वाचक पुढचं वाचायचं थांबतो, आणि त्याला दोष देता येत नाही. एकच भाषा चांगली येत असेल तर एकच लिहा. दुसरी शिकत असाल तर ‘शिकत आहे’ असं लिहिण्यात कमीपणा नाही, उलट त्यामुळे पहिलीविषयीचं तुमचं विधान पक्कं वाटतं.

त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात मूळ म्हणून कोणती आवृत्ती घेतली ते सांगा. सामान्य वाचकाला हे रूक्ष वाटेल असं पुष्कळांना वाटतं, पण या एका तपशिलावर बरंच काही अवलंबून असतं. महाभारताचं भाषांतर म्हटल्यावर ते भांडारकर संस्थेच्या १९१९ ते १९६६ या काळात तयार झालेल्या चिकित्सक आवृत्तीवरून आहे की नीलकंठाची टीका असलेल्या पाठावरून, यावर कित्येक प्रसिद्ध प्रसंग पुस्तकात असणार की नाही ते ठरतं. भाषांतर थेट मुळावरून आहे की हिंदी-इंग्रजी भाषांतरांचा आधार घेऊन, तेही इथेच प्रामाणिकपणे लिहायला हवं. ‘थेरीगाथा’ इंग्रजीवरून मराठीत आणली तरी ते काम मोलाचं असू शकतं, मात्र ते पालीवरून केलं असं वाचकाला भासवणं हा त्याचा विश्वासघात आहे. आणि मदत. प्रिन्सेपला पंडितांचा आधार होता तसा तुम्हालाही एखाद्या गुरुजींचा, भंतेजींचा किंवा निवृत्त प्राध्यापकांचा असेल. त्यांची परवानगी घेऊन परिचयात नाव घाला. त्यानं तुमचं श्रेय घटत नाही. तुमचं वाचन दुसऱ्या जाणत्या नजरेखालून गेलं आहे हे त्यातून कळतं.

आता छंदांकडे येऊ. कुठला छंद परिचयात घ्यायचा याची एक साधी कसोटी आहे. या छंदामुळे मजकुरातला कोणता शब्द किंवा कोणती ओळ मला वेगळी दिसली? एक तरी उदाहरण सांगता आलं तर तो छंद परिचयात हवाच. पक्षी पाहणाऱ्याला सांगता येतं. वाल्मीकीच्या कथेतला क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे, आणि जूलिया लेस्ली यांनी १९९८मध्ये तो सारस असल्याचं मांडताना जोडीनं राहणाऱ्या त्या पक्ष्याच्या वागण्याचाही आधार घेतला. विणकाम, शेती, पोहणं, घोड्यावर बसणं, जात्यावरच्या ओव्या गोळा करणं, जुनी वजनंमापं जमवणं, यांपैकी कशाचंही नातं मजकुराशी जुळू शकतं. आणि काही छंदांचं नातं मुळाशी नसून मराठीशी असतं. आपल्या भाषेत छंद म्हणजे आवड आणि छंद म्हणजे वृत्तही. गाणाऱ्याला दोन्ही लागू पडतात. प्राकृतातली गाहा म्हणजे पहिल्या ओळीत तीस मात्रा, दुसरीत सत्तावीस. दुसरी ओळ तीन मात्रांनी आधी संपते आणि तिथेच गाथेचं मर्म येतं. ज्याला तालाची जाण आहे त्याच्या कानाला ती आखूड ओळ खटकते आणि मराठीतही ती आखूडच ठेवावी असं त्याला वाटतं. ज्या छंदांविषयी असं काही सांगता येत नाही त्यांतला एखादा, खरोखर जिवाभावाचा असेल तर, एका छोट्या वाक्यात येऊ द्या. बाकीचे सोडून द्या. आणि न केलेला छंद तर कधीच लिहू नका. दोनदा गडावर जाऊन आलेल्या माणसानं ‘गिर्यारोहक’ लिहिलं की सभेतला पहिला खरा भटक्या त्याला गाठतो.

लिहिताना नामांऐवजी क्रियापदं वापरा. एका कल्पित भाषांतरकार बाईंचा परिचय घेऊ. नेहमीच्या पद्धतीनं तो असा येईल: ‘संस्कृत, प्राकृत, पाली, मोडी या प्राचीन भाषांच्या गाढ्या अभ्यासक. अनेक ग्रंथांचे अनुवाद. छंद – वाचन, गायन, भटकंती.’ आता त्याच बाईंनी स्वतः बसून लिहिला तर: ‘मी माहाराष्ट्री प्राकृतातून मराठीत भाषांतर करते. सध्या ‘गाथासप्तशती’तल्या शेतीच्या आणि रानाच्या दोनशे गाथांवर काम चालू आहे. मूळ म्हणून वेबर यांची १८८१ची आवृत्ती घेतली असून अडलेल्या जागी गंगाधराची टीका पाहते. संस्कृत वाचते, पाली शिकते आहे. जुन्नरच्या आसपासच्या रानझाडांची सहा वर्षं ऋतुवार नोंद ठेवते आहे. गाथांमधल्या झाडांची मराठी नावं या नोंदींशी ताडून ठरवली आहेत. शास्त्रीय गाणं शिकले असल्यामुळे भाषांतर गाहेच्या मात्रांत बसवण्याचा प्रयत्न करते. नोकरी बँकेत.’ दुसऱ्या परिचयात एकही विशेषण स्तुतीचं नाही. तरी तो वाचल्यावर प्रकाशकाला काय विचारायचं ते कळतं, अभ्यासकाला काय तपासायचं ते कळतं आणि साध्या वाचकाला पुस्तकात काय असेल याचा अंदाज येतो. पहिल्यातलं ‘भटकंती’ आणि दुसऱ्यातलं ‘ऋतुवार नोंद ठेवते’ हा एकच छंद आहे. पण पहिला शब्द कुणीही लिहू शकतो आणि दुसरं वाक्य फक्त त्याच बाई लिहू शकतात.

यावर काहींना वाटतं की एवढं सगळं आपणच आपल्याविषयी लिहिणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं. आपल्या संस्कारात स्वतःची स्तुती वर्ज्य आहे आणि ते चांगलंच आहे. पण स्तुती कशात असते? ‘गाढा व्यासंग’, ‘प्रकांड पंडित’, ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ ही स्तुती. दोनशे गाथा, १८८१ची आवृत्ती, सहा वर्षांची नोंदवही ही माहिती. माहिती देण्यात गर्व नाही. उलट आपण काही लिहून दिलं नाही की सूत्रसंचालक आपल्या मनानं विशेषणं जोडतो आणि मग व्यासपीठावर बसून ‘बहुभाषाकोविद’ ऐकून घ्यावं लागतं. विनय जपायचा असेल तर मजकूर स्वतः लिहून दिलेला बरा. दुसरी शंका विद्यापीठीय वर्तुळाची. छंदांचा उल्लेख केला तर आपल्याला हौशी समजतील, गंभीरपणे घेणार नाहीत, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय मात्र छंद लपवण्याचा नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८मध्ये सिद्ध केली आणि प्राचीन नाणी वजन करून, त्यांच्या झिजेचं गणित मांडून तपासली. त्यांचं काम टिकलं ते पोथ्यांच्या काटेकोर ताळ्यामुळे, आणि तो ताळा पाहणाऱ्याला त्यांच्या गणिती असण्याची अडचण कधी वाटली नाही. आवृत्ती, टीका, पाठभेद यांचा उल्लेख नीट केलेला असेल तर त्याला जोडून आलेल्या रानझाडांच्या वहीकडे जाणकार माणूस कुतूहलानंच पाहतो.

ज्यांचं अजून काहीच छापून आलेलं नाही त्यांची अडचण थोडी निराळी. त्यांना परिचयात लिहिण्यासारखं काही नाही असं वाटतं आणि मग ते छंदांची यादी लांबवतात. त्यांनी यादीऐवजी नमुना द्यावा. प्रकाशकाला किंवा संपादकाला पत्र पाठवताना परिचय सात-आठ वाक्यांचाच ठेवा आणि सोबत दोन पानं जोडा. त्यांवर मूळ ओळी, खाली शब्दाला शब्द ठेवून केलेला अर्थ आणि शेवटी तुमचं पक्कं भाषांतर. एखाद्या शब्दापाशी छोटी टीप असू द्या. ‘गाथासप्तशती’त ‘तुप्प’ असा शब्द येतो. आजच्या ‘तूप’ शब्दाचं नातं त्याच्याशी आहे, पण प्राकृतात त्याचा अर्थ ‘माखलेलं’, ‘तुकतुकीत’ असाही होतो. अशा जागी तुम्ही काय निवडलं आणि का, हे दोन ओळींत लिहा. पदवी नसलेल्या माणसासाठी ही टीप म्हणजे पदवीपेक्षा बोलका दाखला असतो, कारण त्यातून भाषा येते की नाही तेही दिसतं आणि विचार कसा चालतो तेही. इथेच छंद सगळ्यांत जास्त कामाला येतात. झाड, पदार्थ, कापड, खेळ यांपैकी तुम्हाला हातानं माहीत असलेल्या वस्तूचीच ओळ नमुन्यासाठी निवडा.

तोंडी ओळख करून देताना मात्र हाच मजकूर वाचून दाखवू नये. लग्नाच्या पंगतीत किंवा रेल्वेच्या डब्यात ‘तुम्ही काय करता?’ असं कुणी विचारलं तर ‘माहाराष्ट्री प्राकृत’ म्हटल्यावर बोलणं तिथेच खुंटतं. अशा वेळी ऐकणाऱ्याच्या तोंडातला शब्द घ्यावा. ‘आपण पोट म्हणतो ना, त्याला सातवाहनांच्या काळच्या भाषेत पोट्ट म्हणत. त्या भाषेतली शेतकऱ्यांची, प्रवाशांची, बायाबापड्यांची छोटी कवनं मी मराठीत आणतो.’ एवढं पुरतं. पुढे ऐकणारा शेतकरी निघाला तर तो भाताबद्दल, तागाबद्दल विचारेल, आणि तिथे तुम्हाला सांगण्यापेक्षा त्याच्याकडून ऐकण्यासारखंच जास्त सापडेल. व्याख्यानाआधी सूत्रसंचालकाला मात्र चिठ्ठी अवश्य द्या. ती सव्वाशे शब्दांच्या पुढे जाऊ नये, अक्षर मोठं असावं, अवघड नावांचे उच्चार फोडून लिहावेत आणि ग्रंथनामाखाली रेघ मारावी. आणि हा परिचय दर वर्षी एकदा काढून पाहावा. ‘पाली शिकते आहे’ हे वाक्य पाच वर्षं तसंच राहिलं असेल तर एकतर ते बदलण्याइतकी पाली आलेली असते किंवा ते काढून टाकायची वेळ आलेली असते.